परत आलेला प्रबंध

दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीच्या तोंडाशी जो फलक लागतो त्यावर बाबासाहेबांच्या नावापुढे पदव्यांची रांग असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. लहानपणी ही रांग मी पाढ्यासारखी घडाघडा म्हणत असे. अर्थ कळत नव्हता; पण गावात एवढी अक्षरे कुणाच्याच नावापुढे नाहीत, पाटलाच्या नाहीत आणि जोश्याच्याही नाहीत, एवढे कळत होते आणि तेवढे पुरे होते. पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो, पीएच.डी.साठी धडपडलो, मधेच तोंडघशी पडलो. तेव्हा ध्यानात आले की या रांगेत एक गोष्ट कुणीच लिहीत नाही. मार्च १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंध होता तसा स्वीकारला नाही. तो पुन्हा लिहायला सांगितला.

ही गोष्ट आपण का सांगत नाही? कारण भक्तीला परत आलेला प्रबंध नको असतो. तिला अठरा तास अभ्यास करणारा महापुरुष हवा असतो. पण ज्या मुलाला उद्या पीएच.डी.ची नोंदणी करायची आहे त्याला महापुरुषाची उंची सांगून भागत नाही. ती उंची कोणत्या पायऱ्यांनी गाठली ते सांगावे लागते. विषय, वेळ, पैसा, कागदपत्रे आणि आक्षेप या पाच गोष्टींशी वर्षानुवर्षे झुंजावे तेव्हा एक प्रबंध उभा राहतो. बाबासाहेबांच्या दोन प्रबंधांचा इतिहास या नजरेने वाचावा, असे मला वाटते. त्यासाठी माझी स्वतःची फजितीही सांगणे भाग आहे.

१

१९८४ साली मी नोंदणीसाठी मार्गदर्शकांच्या घरी गेलो. माझ्या डोक्यात विषय होता तगाईचा. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी इंग्रज सरकार शेतकऱ्यांना विहिरीसाठी, बैलांसाठी, बी-बियाण्यासाठी कर्ज देऊ लागले. दुष्काळी जिल्ह्यात ही तगाई कुणाच्या हाती पडली, हे मला शोधायचे होते. त्या वर्षी माझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. दुष्काळात सरकार कुणाला कर्ज देते आणि कुणाच्या हाती घण देते, हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नव्हता.

मार्गदर्शक सज्जन होते. चहा दिला. म्हणाले, "अहो, तगाई घेऊन काय करणार? तुमच्या लोकांकडे जमीन कुठे होती? त्यापेक्षा तुमच्या समाजावर घ्या काहीतरी. चळवळ घ्या, साहित्य घ्या. तुम्हाला सोपे जाईल आणि दोन-तीन वर्षांत मोकळे व्हाल."

यात शिवी नव्हती. उलट माया होती. पण मी घरी येताना सारखा विचार करीत होतो, की माझ्याबरोबर नोंदणीला आलेल्या देशपांडे-कुलकर्ण्यांना 'तुमच्या समाजावर घ्या' असे कुणी म्हटले असते का? त्यांना मराठेशाही खुली, मोगल खुले, युरोपही खुला. माझ्यासाठी मात्र वेशीबाहेर एक विषय राखून ठेवलेला. गावात जशी आमची जागा ठरलेली, तशी ती ज्ञानातही ठरवून दिलेली.

आता बाबासाहेबांकडे पाहू. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद झालेली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. जातीवर त्यांनी लिहिले ते ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात. तो निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला आणि आजही अभ्यासला जातो. पण पीएच.डी.साठी त्यांनी निवडला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास, आणि डी.एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न. साम्राज्याचा पैसा कसा गोळा होतो, कसा वाटला जातो आणि त्या पैशाची किंमत कोण ठरवतो, हे ते विषय. ज्याच्या स्पर्शाने नाणे विटाळते असे मानून दुकानदार ते पाणी शिंपडून घेत, त्या समाजातला एक तरुण त्याच नाण्याचा हिशेब मागायला साम्राज्याच्या राजधानीत बसला.

याचा अर्थ जातीचा विषय दुय्यम होता असा कुणी लावू नये. जातीवर लिहिणे हा आपला हक्कच आहे. पण तो हक्क आहे, तुरुंग नाही. विषय निवडताना संशोधकाने स्वतः बोट ठेवले की दुसऱ्याने त्याचे बोट धरून ठेवले, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी तगाईच घेतली. आणि गंमत अशी, की 'तुमच्या लोकांकडे जमीन कुठे होती' या मार्गदर्शकांच्या वाक्यातच माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न मला सापडला. कर्जाला तारण लागते. ज्याच्याकडे तारण नाही तो कर्जाच्या यादीत नाही. ज्याच्याकडे वतनाची जमीन आहे त्याची ती जमीन १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली. मग सरकारी दयेच्या वाटेवर तो उभा कुठे होता? यादीत नसलेल्या माणसाचा इतिहास यादीवरूनच लिहायचा होता.

२

प्रबंधाचा आराखडा म्हणजे प्रकरणांची अनुक्रमणिका, असे आमच्या विद्यार्थ्यांना वाटते. मलाही वाटत होते. मी दहा प्रकरणे आखली, पहिल्यात 'प्राचीन भारतातील दुष्काळ' घातला आणि शेवटी 'उपसंहार' लिहून मोकळा झालो. हे आखणे नव्हते, नुसते खण पाडणे होते.

बाबासाहेबांच्या कामाची आखणी पाहावी. मे १९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यांवर निबंध लिहिला. जून १९२१ मध्ये लंडनला एम.एस्सी. मिळाली ती साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर. आणि १९२५ मध्ये कोलंबियाचा प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग यांनी पुस्तकरूपाने छापला, तो प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासाचा. एकाच वावराची ही तीनदा केलेली नांगरट आहे. दर खेपेला फाळ अधिक खोल गेला. दर पदवीला नवे रान धुंडाळत हिंडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट कालखंडांची. आमच्याकडे इतिहासाचे प्रबंध अजूनही राजवटींनी किंवा व्हाइसरॉयांनी कापले जातात. बाबासाहेबांनी काळ कापला तो पैशाच्या व्यवहाराने. १८३३ च्या सनदी कायद्याने सारा महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला. प्रांत खर्च करणार, पण पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांची नाही. म्हणून काटकसरीची चिंताही नाही. या विसंगतीतून लॉर्ड मेयोच्या काळी व्यवस्था बदलली. १८७१-७२ पासून प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यात आल्या. १८७७-७८ पासून काही महसुलाच्या बाबीच नेमून दिल्या. १८८२-८३ पासून महसुलात वाटणी सुरू झाली आणि ती १९२०-२१ पर्यंत चालली. पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्याने नवे पर्व आले. प्रत्येक टप्प्याला एक नाव, एक पद्धत आणि ती पद्धत का मोडली याचे एक कारण. मेयो आला नि गेला म्हणून टप्पा बदलत नाही. व्यवस्था पेलेनाशी झाली म्हणून बदलतो. आराखडा म्हणतात तो याला.

तिसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधात समोर उभे होते जॉन मेनार्ड केन्स. त्यांचे हिंदी चलनावरील पुस्तक १९१३ चे, आणि त्यांनी सुवर्ण-विनिमय परिमाणाची भलामण केलेली. चांदीच्या घसरणीमुळे दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या जवळ आला आणि त्या वर्षी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. पुढे जी व्यवस्था घडत गेली तिच्यात रुपयाचा सोन्याशी भाव सांभाळला जाई, पण रुपये किती पाडावेत यावर पक्का बंध नव्हता. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की परदेशी हुंडीचा भाव स्थिर राहिला म्हणजे घरातल्या रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली असे होत नाही. रुपये पाडण्याची सत्ता सरकारच्या मर्जीवर सोडू नका. तिला मर्यादा घाला. आणि रुपया घसरला की निर्यात वाढते म्हणून आनंद मानणाऱ्यांना त्यांनी विचारले, की हा नफा येतो कुठून? किमती चढतात, मजुरी मागे राहते. तेव्हा व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पोटातून येतो. चलनासारख्या कोरड्या विषयात, शिलिंग आणि पेन्सच्या आकड्यांत, त्यांनी मजूर उभा केला. घोषणा एकही दिली नाही.

आपल्या सभांतून हमखास सांगितले जाते की या ग्रंथातून रिझर्व्ह बँक निघाली. टाळ्या पडतात. ग्रंथ मात्र कपाटात राहतो. मला वाटते, त्या टाळ्यांपेक्षा त्यातले एक प्रकरण वाचणे अधिक आंबेडकरवादी ठरेल.

३

प्रबंधाला बुद्धी लागते हे सगळे सांगतात. पैसा लागतो हे कुणी सांगत नाही. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, अभ्यास नुकता लागला होता तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्ध्यावर परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती युद्धात बुडवली गेली. बडोद्यात नोकरी होती पण राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्यातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मधल्या वर्षांत 'मूकनायक' निघाला, माणगावची परिषद झाली. प्रबंध बाजूला पडला होता, पण सुटला नव्हता.

आपल्या कार्यकर्त्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. चळवळ की अभ्यास, असा वाद घालून दोन्ही सोडणारे मी पुष्कळ पाहिले.

प्रबंधाचा पैसा कुणी दिला हे अर्पणपत्रिकेवरून कळते. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण आहे. रुपयाचा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला. परळच्या चाळीत संसाराचा गाडा ओढणाऱ्या रमाबाईंचे नाव या दोन्हींवर नाही. ते आले १९४० मध्ये, 'थॉट्स ऑन पाकिस्तान'वर. तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या प्रबंधाच्या साऱ्या टिपणांची स्वच्छ प्रत माझ्या पत्नीने रात्री भाकऱ्या झाल्यावर कंदिलाशी बसून केली, आणि ऋणनिर्देशात मी तिला शेवटून दुसरी ओळ दिली. आपल्या प्रबंधांचा हिशेब लिहायचा तर या श्रमापासून सुरुवात करावी लागेल.

४

ऑक्टोबर १९२२ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' लंडनला सादर झाला. बाबासाहेब संस्कृत आणि अर्थशास्त्र शिकायला जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी बोलावून घेतले. परीक्षकांचे आक्षेप होते. प्रबंध पुन्हा लिहावा लागणार होता. हातातले पैसे संपलेले. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, वकिलीची सनद मिळवण्याच्या खटपटीत असतानाच प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला धाडला. चरित्रकार सांगतात की त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये प्रबंध मान्य झाला, डिसेंबरमध्ये छापून आला. प्रस्तावना कॅनन यांचीच, आणि तिच्यात आपल्याला या लेखकाचे बरेच युक्तिवाद पटत नाहीत असे त्यांनी उघड लिहिले आहे. मार्गदर्शकाशी मतभेद ठेवून त्याच्याच प्रस्तावनेसह प्रबंध छापता येतो, हे आमच्या विद्यापीठांत कुणाला खरे वाटेल काय?

कोलंबियाचेही तसेच. छापील प्रती सादर केल्याशिवाय पदवी नाही, असा तिथला नियम. ग्रंथ १९२५ मध्ये छापला, पदवी हाती आली १९२७ मध्ये. १९१३ ला निघालेल्या माणसाला चौदा वर्षे लागली. महाड त्याच वर्षीचे.

माझा प्रबंध १९८८ मध्ये परत आला. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मुंबईला वरळीच्या बी.डी.डी. चाळीत मावशीकडे राहून, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या सरकारी दप्तरखान्यात कागद चाळून मी तो लिहिला होता. याच कॉलेजात बाबासाहेब शिकले, म्हणून पहिल्या दिवशी जिना चढताना माझे पाय थरथरले होते. बाहेरच्या परीक्षकांनी दोन शेरे मारले. पहिला : 'भाषा आवेशपूर्ण असून संशोधनाला साजेशी नाही.' दुसरा : 'चौथ्या प्रकरणातील विधानांना पुरावा तोकडा आहे.' मी दोन्ही शेरे एकाच दमात वाचले आणि एकाच शब्दात निकाली काढले : जात. प्रबंध लोखंडी पेटीत टाकला, वर आईचे लुगडे टाकले आणि झाकण लावले. मित्रांना सांगितले, आपल्याला हे लोक पदवी देणार नाहीत. मित्रांनाही ते पटले. पटण्यासारखेच होते.

१९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा सहावा खंड काढला. त्यात हे अर्थशास्त्राचे सारे लेखन एकत्र आहे. जन्मशताब्दीच्या वर्षी तो माझ्या हाती आला. ग्रंथ वाचताना मी चरित्रेही पुन्हा काढली, आणि मार्च १९२३ पाशी थांबलो. परत आलेला प्रबंध त्यांनी पाच महिन्यांत पुन्हा लिहिला होता. माझा पेटीत दोन वर्षे पडून होता.

त्या रात्री मी पेटी उघडली. चौथे प्रकरण वाचले. दुसरा शेरा खरा होता. तीन तालुक्यांच्या कागदांवरून मी साऱ्या जिल्ह्याबद्दल बोललो होतो. संताप खरा होता, पण पुराव्याच्या जागी संताप ठेवला होता. पहिला शेरा मात्र खोटा होता. ज्याला 'आवेश' म्हटले होते त्या वाक्यांत मी फक्त मजुरांची बाजू सरळ शब्दांत मांडली होती. सरकारची बाजू तशीच मांडली असती तर तिला 'वस्तुनिष्ठ' म्हटले असते. मी पुन्हा दप्तरखान्यात गेलो, उरलेल्या तालुक्यांचे कागद काढले, चौथे प्रकरण मुळापासून लिहिले. एक निष्कर्ष मला सोडावा लागला, कारण कागद त्याच्या विरुद्ध गेले. बाकीचे अधिक पक्के झाले. भाषेतला एक शब्दही मी बदलला नाही. १९९२ मध्ये पदवी मिळाली.

एवढ्या वर्षांत मी जे शिकलो ते या दोन शेऱ्यांत आहे. आपल्यावर येणारा प्रत्येक आक्षेप जातीतून येतो असे मानले तर आपण कधीच शिकणार नाही. एकही आक्षेप जातीतून येत नाही असे मानले तर आपण कणा गमावू. दोन्ही वेगळे काढण्याचे काम आपल्यासाठी दुसरे कुणी करणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हजार वर्षे पोथ्या लिहिल्या त्यांना हे श्रम पडत नाहीत. आक्षेप आला की ते फक्त उत्तर शोधतात. आपल्याला आधी आक्षेपाचा उगम शोधावा लागतो. हा जादा श्रम अन्यायाचा आहे. पण तो टाळून सुटका नाही.

५

विषयाचे बोट अजूनही धरले जाते. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ही शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. माझ्या वेळी सांगितले गेले, की स्वतःच्या समाजावरच लिहा. आता सांगितले गेले, की परदेशात जाऊन त्यावर लिहू नका. वरवर उलटे वाटणारे हे दोन हुकूम एकाच तोंडचे आहेत, कारण दोन्हींत ठरवणारा दुसरा आहे. असा नियम १९१३ मध्ये असता तर कंपनीच्या कारभारावरचा निबंध नसता आणि जातीवरचाही नसता.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. आई-वडील ऊसतोडीला जातात. तिला महिला बचत गटांच्या कर्जावर प्रबंध करायचा आहे : हप्ता फेडायला बाया दुसरे कर्ज कुठून काढतात, हे शोधायचे आहे. तिला सुचवले गेले होते, 'दलित स्त्रियांची आत्मकथने घे, साहित्य तयार मिळेल.' ती मला विचारत होती, "सर, काय करू?"

मी तिला सांगितले, की आत्मकथने जरूर वाच, ती आपलीच आहेत. पण विषय तुझ्या आईच्या हप्त्याच्या वहीत असेल तर तोच घे. एक तालुका घे, दहा वर्षे घे, वह्या जमव, आणि ज्या बाईचे नाव वहीत नाही तिच्या घरी आधी जा. खर्चाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिही. आणि प्रबंध परत आला तर पेटीत टाकू नकोस.

येत्या १४ एप्रिलच्या फलकावर पदव्यांची रांग मीच लिहून देणार आहे. वस्तीतल्या पोरांनी ते काम माझ्यावर टाकले आहे. डी.एस्सी.च्या पुढे मी कंसात दोन तारखा लिहिणार आहे : सादर ऑक्टोबर १९२२, पुन्हा सादर ऑगस्ट १९२३. कुणी विचारले तर उभे राहून सांगेन.